तुकडा उभा आहे का?

डॉ. सुमन अकोलकर यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती सूक्ष्मदर्शकाच्या दोन बाजूंना बसून, आणि त्या पहिल्याच भेटीत माझी चांगली शोभा झाली. कोल्हापूरकडून डॉक्टर होऊन मी पुढच्या शिक्षणासाठी चंडीगडच्या आमच्या वैद्यकीय संस्थेत, पॅथॉलॉजी विभागात, आलो होतो. गावात हारतुरे झालेले, त्यामुळे डोक्यात हवा होती. मॅडमनी एक स्लाइड लावली आणि विचारलं, "हे काय?" मी डोळा लावला न लावला तोच म्हणालो, "लहान आतडं." त्या म्हणाल्या, "बरोबर. आता यातली आतली बाजू कुठली?" मी ठोकून दिलं, "वरची." त्या म्हणाल्या, "नीट बघा." बघितलं, तर वर सगळा स्नायूंचा थर होता आणि आतडं माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. मॅडमनी स्लाइड मुद्दाम उलटी लावली होती.

"चौगुले, तुम्ही डोळ्यांच्या आधी तोंडानं बघता," इतका वेळ इंग्रजीत विचारणाऱ्या त्या, आता शुद्ध मराठीत म्हणाल्या. चंडीगडात, परक्या मुलखात, पहिली मराठी कानावर पडली ती अशी चपराक म्हणून. मी खाली मान घालून उभा. मग त्याच म्हणाल्या, "कोल्हापूरचे ना? इथे मिसळ मिळत नाही. छोले-भटुऱ्यांवर भागवायला शिका. आणि रविवारी घरी जेवायला या." रागवायचं आणि लगेच जेवायला बोलवायचं, ही मॅडमची रीत तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही. माझ्यासाठी बदललं ते एवढंच, की 'तुम्ही'चं 'तू' झालं.

मॅडमच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा आम्ही चार-पाच जुने विद्यार्थी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, लाडू दिले आणि साफ नकार दिला. आम्हीही हट्टाला पेटलो. शेवटी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काढायचाच असेल तर तू पम्मीचं लिही. पुरस्कारांचं बाकीचे लिहितील. पम्मीचं गाळलंत तर माझा फोटोसुद्धा छापायचा नाही, सांगून ठेवते." विभागातल्या जुन्या मंडळींना पम्मी ठाऊक आहे. बाकीच्या वाचकांसाठी सगळं पहिल्यापासून सांगतो. आता हे मॅडमच्या चुकीबद्दल आहे हे खरं, आणि गौरवग्रंथात कुणाची चूक लिहायची म्हणजे भलतंच वाटतं. पण हुकूम त्यांचा आहे आणि मी तो मोडणारा नव्हे.

त्याआधी मॅडम शिकवायच्या कशा, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आपली अन्नाची वाट म्हणजे एक लांबच लांब नळी, आणि त्या नळीची भिंत बहुतेक सगळीकडे चार थरांची. हे पुस्तकात असतंच, आणि पुस्तकातलं विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतातच. मॅडम वर्गात येताना पिशवीतून टर्किश टॉवेल आणायच्या. पहिल्या दिवशी पोरं खुदखुदली. मॅडमनी टॉवेलची गुंडाळी करून नळी केली, लवेची बाजू आत. "ही जी आतून उभी राहिलेली धाग्यांची लव आहे ना, ते लहान आतड्याचे अंकुर. अन्नातलं सत्त्व शोषून घेतात ते हे. हा सर्वांत आतला थर. त्याच्याखाली हे मऊ अस्तर, रक्तवाहिन्या आणि नसा यातून जातात. त्याच्याबाहेर स्नायू, एक पदर गोल फिरलेला आणि एक लांबीनं गेलेला, म्हणून अन्न पुढे ढकललं जातं. आणि सगळ्यांत बाहेर हे गुळगुळीत पातळ आवरण, म्हणजे आतडी पोटात एकमेकांना चिकटत नाहीत." टॉवेलवर आवरण म्हणून त्यांनी स्वतःची रेशमी ओढणी गुंडाळली होती. चंडीगडच्या थंडीत ती ओढणी त्यांनी पूर्ण तासभर पोरांच्या हाती दिली आणि स्वतः कुडकुडत राहिल्या.

मग त्यांनी कात्री काढली. टॉवेलचा एक तुकडा उभा धरून कापला आणि दाखवला: कापलेल्या कडेला लव ताठ उभी, खाली विणकाम, सगळं एका नजरेत. दुसरा तुकडा टेबलावर आडवा पसरला आणि म्हणाल्या, "आता समजा, मी याचा खालून पातळ पापुद्रा काढला. काय दिसेल?" एक मुलगी म्हणाली, "नुसतं विणकाम, मॅम." "आणि लव?" "नहीं दिखेगी." "टॉवेलला लव नाही, असं तू लिहून देशील?" मुलगी हसली, "नहीं मॅम, है तो सही." मॅडम म्हणाल्या, "हे लक्षात ठेवा. आतड्याचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो. तो मेणात उभा बसला तर चारातले निदान पहिले दोन थर दिसतात. आडवा झोपला, तर काहीही दिसू शकतं." विभागात कुणीही कसलीही स्लाइड घेऊन गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुकडा उभा आहे का?" आम्ही पाठीमागे त्याची नक्कल करायचो. मेसमध्ये पराठा आला तरी कुणीतरी मॅडमच्या आवाजात विचारायचं.

आता मॅडमच्या लढाईविषयी. ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शहरात नव्या गाड्या, नवी दुकानं, घरोघरी केबल आणि जागोजागी खासगी दवाखाने उभे राहत होते. पोटात नळी घालून आतडं बघायची यंत्रं भराभर येत होती. आमच्या बाह्यरुग्ण विभागात पंजाबातून, हरयाणातून मुलं यायची: पोट फुगलेलं, हातपाय काड्या, वारंवार जुलाब, वय वाढलं तरी उंची तिथेच. बहुतेकांना आधी कुठेतरी क्षयाची औषधं देऊन झालेली असायची. मॅडम म्हणायच्या, यातल्या बऱ्याच मुलांना गहू सोसत नाही. सिलिअ‍ॅक नावाचा आजार. गव्हातलं एक प्रथिन पोटात गेलं की आतड्याचे अंकुर झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू सोडला की अंकुर पुन्हा उगवतात. लोक त्यांना हसायचे. "मॅडम, ये तो गोरों की बीमारी है," एक वरिष्ठ भर बैठकीत म्हणाले होते. "पंजाबमध्ये गहू खाऊन कोण आजारी पडतो?"

मॅडमनी वाद घातला नाही. त्या स्लाइडा दाखवत राहिल्या. बैठकीला गेल्या की हातात स्लाइडांची पेटी. आणि हळूहळू, एकेका मुलाचा गहू बंद होऊन तो वाढीला लागला तसतसे, हसणारे गप्प झाले. या लढाईत त्यांची बरीच वर्षं गेली. लोक त्यांना 'कणकवाली मॅडम' म्हणू लागले. कणक म्हणजे पंजाबीत गहू. आणि अशा दिवसांत पम्मी आली.

पम्मीचे वडील जगतार सिंग यांची चंडीगडला लागूनच असलेल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात पिठाची गिरणी होती. खाली गिरणी, वर घर. पोर सहा-सात वर्षांची, दिसायला चार वर्षांची. पोट नगाऱ्यासारखं, डोळे तेवढे टपोरे. आमच्या पोटविकारांच्या डॉक्टरांनी नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, तो आमच्याकडे आला, आणि त्याच्या अहवालावर मॅडमची सही झाली: अंकुर सपाट, सिलिअ‍ॅकशी सुसंगत. आजच्यासारख्या रक्ताच्या चाचण्या तेव्हा आमच्याकडे सहज होत नसत. सगळी भिस्त त्या तुकड्यावर. गिरणीवाल्याच्याच मुलीला गहू चालत नाही, हे कळल्यावर विभागात सगळे हळहळले, आणि खरं सांगायचं तर थोडे हरखलेसुद्धा. असं उदाहरण शोधून सापडत नाही. मॅडमनी ते बैठकीत मांडलं. पुढे एका मोठ्या परिषदेतही मांडायचं ठरलं.

जगतारना आम्ही हे सांगितलं. ते म्हणाले, "कणक बंद? जी, साडे घर विच ते हवा वी कणक दी ए." आमच्या घरात तर हवासुद्धा गव्हाचीच आहे. पण गडी मानी होता. घरी जाऊन त्यांनी गव्हाचं जातं बंद केलं. फक्त मका आणि बेसन दळायचं ठरवलं. चंडीगडात नुसता मका दळून गिरणी चालते होय? गिऱ्हाईक तुटलं. तरी त्यांनी जातं चालू केलं नाही.

आणि पम्मी सुधारली नाही. महिन्यामागून महिने ती तपासणीला येई आणि वजनाचा काटा जागचा हलत नसे. उलट पोर आणखी सुकली. मग व्हायचं तेच झालं. आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, हे लोक चोरून रोटी देतात. पोटविकारांचे डॉक्टर म्हणाले, गिरणीवाला माणूस, त्याच्याकडून काय पथ्य पाळून होणार! मीसुद्धा मनात तेच म्हणत होतो. एकदा तर बाह्यरुग्ण विभागात सगळ्यांसमोर जगतारना कुणीतरी झापलं, "अपनी बच्ची को खुद मार रहे हो." तो सहा फुटी माणूस हात जोडून उभा होता. "डॉक्टर साब, वाहेगुरु दी सौं, इक दाणा वी नहीं दित्ता," वाहेगुरूची शपथ, एक दाणाही दिलेला नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पम्मी त्याच्या कुर्त्याचं टोक धरून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते आठवलं की अजून मला कसंतरी होतं.

मॅडम दारातून हे ऐकत होत्या.  पुढच्या रविवारी मला म्हणाल्या, "स्कूटर काढ. मनीमाजऱ्याला जायचंय." मी म्हणालो, "मॅडम, चोरी पकडायला?" त्या म्हणाल्या, "बघायला. तोंड बंद ठेव."

आम्ही न कळवता गेलो. गिरणी उघडी होती, पण गव्हाच्या जात्यावर गोणपाट घालून ते सुतळीनं बांधलेलं. त्यावर धूळ साचली होती, पीठ नव्हे. वरच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, गिरणीतलं जुनं पीठ उडून पोरीच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून बायकापोरांना मागच्या गल्लीत भावाच्या खोलीत हलवलंय. तिथे गेलो. पम्मीची आई मक्याच्या रोट्या थापत होती. मॅडमनी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघितले. मला लाजल्यासारखं झालं, पण त्या माउलीनं स्वतः एकेक झाकण काढून दिलं. तांदूळ, मका, बेसन, राजमा. गव्हाचा कण नाही. घरातल्या मोठ्यांनीही गहू सोडला होता. आमच्या मागोमाग आलेले जगतार म्हणाले, पोरीसमोर आपण कसा खायचा, जी? पम्मी कोपऱ्यात बसून बेसनाचा चिल्ला, म्हणजे धिरडं, चिवडत होती. मॅडमनी तिला विचारलं, "सबसे अच्छा क्या लगता है?" ती म्हणाली, "घी वाली रोटी." मग बापाकडे बघून घाईघाईनं म्हणाली, "पर मैं नहीं खाती."

परत येताना स्कूटरच्या आरशात मॅडमनी तोंडाला लावलेली ओढणी तेवढी दिसत होती. सेक्टरांचे गोल चौक एकामागून एक मागे पडत होते आणि मला वाटत होतं, बाई रडतायत की काय. संस्थेच्या फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "घरी नको. विभागात चल. हा माणूस खरं बोलतोय. म्हणजे खोटं दुसरंच कुणीतरी बोलतंय."

रविवारचा विभाग बंद होता. किल्ली घेऊन आम्ही पम्मीची स्लाइड काढली. मॅडमनी डोळा लावला आणि स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत बघितली. मग उठल्या आणि मला बसवलं. "सांग." मी पाहिलं. अंकुर नव्हतेच. पण त्यांच्याखालचं अस्तरही नीट उमगत नव्हतं. सगळीकडे अंकुरांच्या मुळाशी असणाऱ्या ग्रंथींची गोल गोल तोंडं, टॉवेलच्या खालून पापुद्रा काढावा तसा देखावा. मी हळूच म्हणालो, "मॅडम, तुकडा झोपलाय." त्या म्हणाल्या, "झोपलाय. आणि झोपलेल्या तुकड्यावर मी सही केली. जिनं तुम्हाला टॉवेल कापून दाखवला, तिनं. मला गिरणीवाल्याच्या पोरीत सिलिअ‍ॅक हवा होता रे. हवा होता म्हणून दिसला."

मी शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, मॅडम, इतकी वर्षं लोकांचं हसणं सोसलंत, आता कुठे लोक मानायला लागलेत; आत्ताच हे बाहेर काढलंत तर तेच लोक म्हणतील, बघा, यांना सगळीकडे गहूच दिसतो. दुसऱ्यांदा नळी घालून नवा तुकडा घेऊ, गुपचूप निस्तरता येईल. मॅडम अशा काही भडकल्या की काय सांगू! "गुपचूप? त्या माणसाला झापलं ते गुपचूप झापलं होतं का? आणि पोरीनं कित्येक महिने गहू खाल्लेला नाही. नव्या तुकड्यात अंकुर उभे दिसले तर लोक म्हणतील, पथ्यानं उगवले. उत्तर असेल तर ते ह्या जुन्याच तुकड्यात आहे. ब्लॉक काढ."

ब्लॉक म्हणजे मेणाची वडी, तिच्यात तुकडा बसवलेला असतो आणि यंत्राच्या पात्यावर त्याचे पापुद्रे काढतात. पहिल्या वेळी पातं तुकड्याच्या खालच्या बाजूनं शिरलं होतं, म्हणून खालचेच थर स्लाइडवर आले. वरची बाजू अजून मेणातच शिल्लक असायला हवी होती. असायला हवी होती. आहे की नाही, ते डोळ्यांना दिसत नव्हतं. उरलेला तुकडा इतका बारीक की तो उभा करताना तुटला किंवा पात्याखाली वाकडा गेला, तर सगळंच संपलं. पम्मीला पुन्हा गहू चारून पुन्हा नळी घालायची, आणि तोवर ती टिकायची कशी, हा प्रश्न.

सोमवारी सकाळी मॅडमनी मेण स्वतः वितळवलं. आमच्या विभागातले हातखंडा तंत्रज्ञ शेजारी उभे होते, त्यांनी "मैं कर दूँ, मॅम?" असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण हे बिघडलं तर ते माझ्या हातून बिघडू दे." भिंगाखाली चिमट्यानं त्यांनी ती कणी कडेवर उभी केली आणि मेण थिजेपर्यंत तशीच धरून ठेवली. मग यंत्राचं चाक फिरवलं. पापुद्र्यांची रिबीन सुटली, कोमट पाण्यावर तरंगली, काचेवर आली, रंगली. आम्ही सगळे त्यांच्या मागे कोंडाळं करून उभे होतो. मॅडमनी बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "बघा," एवढंच म्हणाल्या.

अंकुर होते. ताठ, लांब, शेतातल्या उभ्या पिकासारखे. आणि त्यांच्या मधल्या फटींत, पृष्ठभागाला चिकटून, इवलेइवले नासपतीच्या आकाराचे जीव: जिआर्डिया. घाणेरड्या पाण्यातून पोटात जाणारा, अन्न अंगी लागू न देणारा सामान्य जंतू. शौचाच्या तपासणीत तो कधी सापडतो, कधी हुलकावणी देतो. पम्मीच्या तपासणीत त्यानं हुलकावणी दिली होती. त्याचं औषध म्हणजे थोड्या दिवसांच्या गोळ्या. एवढ्यासाठी एका पोरीचं बालपण सुकत चाललं होतं आणि एका बापाची अब्रू जात होती.

त्याच आठवड्याच्या बैठकीत मॅडमनी दोन्ही स्लाइडा पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. "हा तुकडा एकच आहे. डावीकडे तो आडवा आहे आणि त्यावर माझी सही आहे. उजवीकडे तो उभा आहे. डावीकडचा अहवाल मी मागे घेते. चूक माझी."  'गोरों की बीमारी' म्हणणारे वरिष्ठ पुढच्याच रांगेत होते. मला वाटलं, आता हे तोंडसुख घेणार. ते म्हणाले, "और बाकी केस?" मॅडम म्हणाल्या, "सगळे ब्लॉक काढलेत. एकेक पुन्हा बघतेय." आणि खरंच, पुढे कितीतरी दिवस त्या जुने ब्लॉक काढून बसल्या. बहुतेक निदानं पक्की निघाली. जिथे शंका आली, त्या मुलांना त्यांनी स्वतः कळवून परत बोलावलं. परिषदेत त्यांनी पम्मीचीच गोष्ट सांगितली, पण उलटी. त्यानंतर त्यांच्या सिलिअ‍ॅकच्या निदानांवर शंका घेतलेली मी तरी ऐकली नाही.

आपल्या विभागातली 'काकडी'ही तेव्हाचीच. बाहेरून येणाऱ्यांना आमच्याकडच्या स्पिरिटच्या बरणीत काकडीच्या चकत्या बघून हसू येतं. आतड्याचा तुकडा काढल्या काढल्या तो चकतीवर नीट पसरून चिकटवायचा, अंकुर वर, आणि चकतीसकट मेणात कडेवर बसवायचा. काकडी पात्याखाली लोण्यासारखी कापली जाते आणि तुकड्याला झोपू देत नाही. मॅडमनी ही युक्ती कुठूनतरी शोधून आणली आणि सक्तीची केली. भाजीवाल्याकडे त्या स्वतः काकड्या निवडायच्या. एकदा त्यांचे चिरंजीव, जे घरी मराठी ऐकून हिंदीत उत्तर देतात, ते म्हणाले, "यार आई, सलाद तो घर पे भी चाहिए." मॅडम म्हणाल्या, "आईला यार म्हणू नकोस. आणि तू गाजर खा."

असा त्यांचा कारभार. माझं लग्न झालं आणि माझी बायको इचलकरंजीहून थेट चंडीगडच्या जानेवारीत उतरली, हिंदीचा एक शब्द न येणारी, तेव्हा मॅडमनी तिला स्वतःच्या रजया दिल्या आणि रोज संध्याकाळी बाजारात सोबत नेऊन भाव करायला शिकवलं. आज ती पंजाबीत भांडते. याबद्दल मी मॅडमचे आभार मानावेत की तक्रार करावी, हे अजून ठरलेलं नाही.

पण जगतारना सांगायला मॅडम गेल्या, ते मला सांगितलंच पाहिजे. पत्र पाठवता आलं असतं, दवाखान्यात बोलावता आलं असतं. मॅडम म्हणाल्या, "झापलं सगळ्यांसमोर. तेव्हा सांगायचंही सगळ्यांसमोर." भर बाजारात, गिरणीच्या दारात, आजूबाजूचे दुकानदार जमलेले असताना त्या म्हणाल्या, "सरदारजी, आप सच बोल रहे थे. ग़लती मेरी थी. बच्ची को गेहूँ की बीमारी नहीं है." जगतारना आधी समजलंच नाही. पुन्हा सांगावं लागलं. मग ते रिकाम्या गोणीवर खाली बसले आणि पगडीच्या शेमल्यानं तोंड झाकून ढसाढसा रडले. त्यांना रागवायचा हक्क होता. मॅडम तो राग घ्यायला तयार होऊन आल्या होत्या. पण जगतारनी उठून आधी कुठली गोष्ट केली असेल, तर जात्यावरच्या गोणपाटाची सुतळी सोडली.

गोळ्यांचा क्रम पुरा झाल्यावर मॅडम पुन्हा गेल्या. त्या दिवशी जगतारनी कितीतरी महिन्यांनी गहू दळला. ते गरम पीठ तसंच भिजवून पम्मीच्या आईनं रोट्या केल्या, वर तूप. पम्मीनं पहिला घास घ्यायच्या आधी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आधी स्वतः एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "खा." पोरीनं तीन रोट्या खाल्ल्या. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतसुद्धा नव्हत्या. पुढच्या तपासणीला वजनाचा काटा हलला, आणि मग तो हलतच राहिला.

आता दरवर्षी वैशाखीनंतर नव्या गव्हाचं पीठ मनीमाजऱ्याहून मॅडमच्या घरी येतं, आणि त्याच्या पुरणपोळ्या होऊन मनीमाजऱ्याला परत जातात. तिकडे त्यांना 'मॅडमवाली मिठ्ठी रोटी' म्हणतात. परवा ग्रंथाच्या कामासाठी आम्ही मॅडमकडे बसलो होतो, तेव्हा जगतार आणि पम्मी पीठ घेऊन आले. पम्मी आता कॉलेजात जाते. मॅडमपेक्षा वीतभर उंच झालीय. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या आणि ताट बाजूला सारलं, तशी मॅडम म्हणाल्या, "क्यों? पेट ठीक है ना?" पम्मी हसून म्हणाली, "मैडम जी, पेट भर गया बस. हर बार टेस्ट मत लिया करो."

मी जगतारना म्हणालो, "मॅडमवर पुस्तक काढतोय. तुमच्याकडून काय लिहू?" त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "लिख दो, जदों सारे मैनूं झूठा कैंदे सी, डॉक्टरनी ने मेरी गल्ल मन्नी." सगळे मला खोटा म्हणत होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझा शब्द मानला. मग पुढे म्हणाले, "ते अपनी गल्ल नहीं मन्नी." आणि स्वतःचा मानला नाही. मॅडमच्या कामाविषयी मी यापेक्षा नेमकं काही लिहू शकत नाही, आणि म्हणून लिहीतही नाही.

मॅडम, साठ वर्षं पुरी झाली, निवृत्तीही आली, पण तुमची सुटका नाही. गुडघ्यांना जपा, डोळ्यांना जपा, थंडीत ओढणी आम्हाला न देता स्वतः गुंडाळा. भरपूर, निरोगी वर्षं आमच्या डोक्यावर बसून "तुकडा उभा आहे का?" विचारत राहा, कारण तुम्ही विचारलं नाहीत तर आम्ही बघणार नाही. दर वैशाखीनंतर मनीमाजऱ्याहून पीठ येत राहो, तुमच्या हातच्या पुरणपोळ्या तिकडे जात राहोत. आणि उद्या पम्मीची मुलं तुमच्या ताटापाशी येऊन बसतील, तेव्हा त्यांना "अजून एक घे" म्हणायला तुम्ही ठणठणीत असायलाच हव्यात.